सात दोषांची जीप

साहेबांनी मागच्या चाकाचा दुसरा नट ढिला केला, पान्हा माझ्या हातात दिला आणि बोटं फडक्याला पुसत विचारलं, "शिवलिंग, किती झाले?"

"सात, साहेब."

"मोजून सांग."

मी मोजले. हॉर्नची वायर काढलेली, एक. ब्रेक लाइटचा बल्ब साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, दोन. हँडब्रेकची केबल सैल, तीन. वायपरचं रबर गायब, चार. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नाही, पाच. पुढचं डावं टायर पार गुळगुळीत, सहा. आणि मागच्या चाकाच्या पाच नटांतले दोन ढिले, सात.

"साहेब, वाटेत चाक निघालं तर?"

"तीन घट्ट आहेत ना?" रणदिवेसाहेब म्हणाले आणि सातही दोष कागदावर लिहून लखोटा बंद करून त्यावर सही केली.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. मी आमच्या वाहन तपासणीच्या कार्यालयात रोजंदारीवर ड्रायव्हर होतो. त्या साली आमच्या भागातल्या तीन खाजगी गॅरेजांना गाड्या तपासून दाखला द्यायचा परवाना मिळाला होता, आणि दोन महिन्यांत तक्रारींचा ढीग लागला. तीच गाडी एका ठिकाणी पास, दुसऱ्या ठिकाणी नापास. दुसरा कुणी असता तर त्यानं फाइल दाबून ठेवली असती. पण रणदिवेसाहेब पडले सरळ माणूस. कुणाचा चहासुद्धा प्यायचे नाहीत, आणि डोक्यात एक गोष्ट शिरली की ती तडीस गेल्याशिवाय जेवायचे नाहीत. त्यांनी ठरवलं, एकच गाडी तिन्ही गॅरेजांत पाठवायची. गाडीत सात दोष. ज्याला सात सापडतील तो खरा.

गाडी कुठली? आमच्याच ऑफिसची जीप, रोज मीच चालवायचो ती. मागच्या काचेवरच्या 'महाराष्ट्र शासन'वर देवीच्या नावाचं मोठं स्टिकर चिकटवलं, आणि मला पायजमा घालून वडापवाला केलं. वडाप म्हणजे आमच्याकडची, माणसं कोंबून गावोगाव पळणारी जीप. सोंग इतकं छान जमलं होतं, की फाटकातून बाहेर पडतोय तोच एक म्हातारी काखेत कोंबडी घेऊन मागं चढून बसली. तिला उतरवता उतरवता माझ्या नाकी नऊ आले.

निघताना साहेबांनी बजावलं, "गाडीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. नुसती तपासणी. सातही दोष तिसऱ्या गॅरेजपर्यंत जसेच्या तसे पोचले पाहिजेत. एक जरी कमी झाला तर तू जबाबदार. ऑगस्टमध्ये तुला कायम करायची फाइल माझ्याच टेबलावर आहे, हे लक्षात ठेव."

दोष सांभाळून न्यायचे म्हणजे काय ताप असतो ते मला विचारा. गाडी सांभाळणं त्यापेक्षा लई सोपं.

पहिलं गॅरेज झकपक होतं. फरशी, पंखे, पांढरा कोट घातलेला मॅनेजर. त्यानं जीपभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि अकरा दोष काढले. सीटचं रेक्झिन फाटलंय. नंबर प्लेटवरचा आठ किंचित तिरका आहे. मडगार्डला पोचा. देवीच्या स्टिकरमुळे मागचं दिसत नाही. दाराची कडी कुरकुरते. अकराच्या अकरा खरे होते, पण लखोट्यातल्या सातांपैकी त्यात एकही नव्हता.

"हॉर्न नाही वाजवून बघायचा?" न राहवून मी विचारलं.

"इथं सायलेन्स झोन आहे," तो म्हणाला. खिडकीतून शेजारची शाळा दाखवली. ती उन्हाळ्याच्या सुट्टीला बंद होती.

दुपारी मी दुसऱ्या गॅरेजला पोचलो. भाळवणी रस्त्याला एक पत्र्याची शेड, तिच्यावर पाटी: 'दस्तगीर मुलाणी, शासनमान्य वाहन परीक्षक.' आत भिंतीवर परवान्याचा कागद, फ्रेम करून लावलेला. काचेवर धुळीचा कण नव्हता.

"काय पावणं, तपासणीला आलासा?" दस्तगीर मिस्त्री बाहेर आले. पन्नाशीचा माणूस, दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत काळे. मी कागदाकडं बघतोय हे बघून म्हणाले, "चौथीत तीनदा नापास झालतो मी. मास्तर म्हणायचा, दस्तग्या, तुझ्यानं कंची परीक्षा हुणार न्हाई. आता सरकारनं परीक्षकच केलंय. बायको रोज पदरानं पुसती तो कागद. मास्तर गेल्या म्हैन्यात वारला, त्याच्या आधी त्याला दाखवायला घेऊन गेलतो."

मग त्यांनी फॉर्म काढला, पेन्सिल कानावर ठेवली आणि जीपमध्ये बसून हॉर्नचं बटण दाबलं. आवाज नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, या माणसाला एक तरी सापडला.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, वायर दोन बोटांत धरली, बसवली. हॉर्न वाजला. फॉर्मवर लिहिलं: हॉर्न ठीक.

"अहो मिस्त्री," मी धावलो, "दुरुस्त करू नका. नुसतं लिहा."

"काय लिवू?"

"हॉर्न वाजत नाही म्हणून."

त्यांनी परत बटण दाबलं. हॉर्न परत वाजला. "वाजतोय की."

"आत्ता वाजतोय. मगाशी वाजत नव्हता."

"पावणं, नुसतं लिवून हॉर्न वाजतो व्हय? वायर निघालीया तर बसवायची. तेवढ्यासाठी तुमाला नापास करू आन् परत बोलवू?"

खरं सांगायची सोय नव्हती. ब्रेक लाइटला त्यांनी आपल्या डब्यातला बल्ब लावला. हँडब्रेकची केबल ओढून बांधली. वायपरला रबर घातलं. मी मागं मागं फिरत म्हणत होतो, "राहू द्या, राहू द्या," आणि ते समजत होते की मी भिडस्त आहे. मागच्या चाकाशी मात्र ते थबकले. नटावर नुसतं बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्ये कुणी केलं?"

"काय की."

"आपुआप दोन नट ढिलं हुत न्हाईत. कुणाशी भांडान हाय का तुमचं?"

मी नाही म्हणालो. त्यांनी पान्ह्यावर पाय देऊन, अंगाचा सगळा भार टाकून पाचही नट आवळले. मग गुळगुळीत टायर काढून स्टेपनी चढवली, स्टिअरिंगला हात घातला. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं मला भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. मी जेवलो आणि बाजेवर आडवा झालो. डोळा कधी लागला ते समजलंच नाही.

उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि फॉर्म तयार होता. सगळ्या रकान्यांत एकच शब्द: ठीक. खाली वळणदार सही, दस्तगीर मुलाणी, परीक्षक. कागद घेतला आणि एक शब्द न बोलता सुटलो. मागून ते काहीतरी हाका मारत होते, मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या गॅरेजला जाताना मी एका बाभळीखाली जीप उभी केली. म्हटलं, निदान दोन-तीन दोष तरी परत करू. वायपरचं रबर आधी ओढलं, ते मिस्त्रींनी असं बसवलं होतं की माझं नख निघालं. हँडब्रेकची गाठ मला सुटेना. हॉर्नची वायर कुठून निघते तेच सापडेना. शेवटी पान्हा घेऊन नटावर उभा राहिलो. दोन्ही पायांनी उभा राहिलो, उड्या मारल्या. नट जागचा हलला नाही. सायकलवरून चाललेला एक माणूस उतरला.

"काय बिघाडलंय का?"

"न्हाई ओ," मी घाम पुसत म्हणालो, "बिघडतच न्हाई."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, सायकलवर बसला आणि जरा जोरातच पायडल मारत गेला.

तिसरं गॅरेज अंबादास तात्यांचं. तात्या खुर्चीत बसून पान लावत होते. जीप फाटकाबाहेरच होती. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, फॉर्म पुढं ओढला आणि सगळीकडं 'ठीक' लिहून सही केली.

"तात्या, गाडी नाही बघायची?"

"गाडीचं तोंड काय बघायचं? चालवणाऱ्याचं बघायचं. तू सरळ दिसतोस."

मी साहेबांच्या टेबलावर तिन्ही फॉर्म ठेवले. सांगितलं काहीच नाही. माझी फाइल त्याच टेबलावर होती. साहेबांनी जीप यार्डात उभी करून दाराला सील लावलं, तिघांना नोटिसा गेल्या आणि आठ दिवसांनी सुनावणी लागली.

पहिला मॅनेजर पाच मिनिटांत सुटला. त्यानं पांढऱ्या कोटाच्या खिशातून कागद काढून नम्रपणे विचारलं, "साहेब, मी लिहिलेला एक तरी दोष खोटा आहे का?" साहेबांनी अकराही पडताळले. सगळे खरे, आणि गाडी त्यानं नापासच केलेली. दोष शोधण्याची वृत्ती समाधानकारक, असा शेरा पडला.

मग अंबादास तात्या. साहेब म्हणाले, "सात दोषांच्या गाडीला तुम्ही ठीक म्हटलंत. परवाना रद्द का करू नये?"

"गाडी ठीक हुती," तात्या म्हणाले. "चला की, बघूया."

सगळे यार्डात आलो. सील तोडलं. साहेबांनी हॉर्न दाबला, वाजला. वायपर फिरला. चाकाचे नट पान्ह्यानं ढिले होतात का बघितलं, झाले नाहीत. शेवटी मला ब्रेक दाबायला सांगून ते मागं गेले. बल्ब अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता, आणि दिवा पेटला होता.

तात्यांच्या फॉर्मवर साहेबांना लिहावं लागलं: तपासणी शंभर टक्के अचूक. तात्या पान चघळत घरी गेले.

राहिले दस्तगीर मिस्त्री. ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते. काखेत कापडी पिशवी, आणि तो कागद फ्रेमसकट आणलेला, कारण नोटिशीत मूळ परवाना सोबत आणावा असं होतं. साहेबांनी त्यांना बसा म्हटलं. ते उभेच राहिले.

"मुलाणी, तुमच्याकडं येईपर्यंत गाडीत सात दोष होते. तुमच्याकडून निघाली तेव्हा त्यातला एकही नव्हता. तुम्ही दुरुस्ती केलीत?"

मिस्त्री काही बोलायच्या आत साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. सरळ माणूस, त्यांना कुणाला फसवून पकडायचं नव्हतं. "आधी ऐकून घ्या. नियम चौदा. तपासणाऱ्यानं दुरुस्ती करायची नाही. केली म्हणालात, तर नियम मोडला म्हणून परवाना जातो. नाही म्हणालात, तर सात दोष दिसले नाहीत म्हणून परवाना जातो. आता विचार करून सांगा."

मिस्त्री फ्रेमकडं बघत राहिले. चौथीतल्या पोरासारखे मला ते दिसले. दोन दिवस मी त्या जीपबरोबर फिरलो होतो आणि गाडीखाली वाकलेला हा एकच माणूस होता. आणि जाणार होता याचाच कागद.

"साहेब, मी केली," मी म्हणालो.

"तू?"

"व्हय साहेब. चाक निघेल म्हणून भीती वाटली. मिस्त्रींकडं जायच्या आधी वाटेत थांबून मीच सगळं घट्ट केलं. ह्यांच्याकडं गाडी ठीकच पोचली होती."

साहेबांचा पेन थांबला. तसं असेल तर मिस्त्रींचा फॉर्म बरोबर होता, त्यांना काही होत नव्हतं. एक क्षणभर मला वाटलं, जमलं. साहेबांनी कपाटातून जीपचं लॉगबुक काढलं.

"परीक्षेच्या दिवशीची तुझी नोंद. सकाळी सात वाजता. ब्रेक ठीक, हॉर्न ठीक, दिवे ठीक, सही शिवलिंग माळी. साडेसहाला तुझ्यासमोर मी हॉर्नची वायर काढली होती."

मी खाली बघितलं. साहेब पानं उलटत गेले. "चार महिने रोज सगळं ठीक. एकाच शाईत. बहिणीच्या लग्नाला रजेवर होतास, तेव्हाही ठीक." मग त्यांनी पान पुढं उलटलं, आणि त्यांचा आवाज बारीक झाला. "शिवलिंग, आज बुधवार. तू येत्या सोमवारपर्यंत ठीक लिहून ठेवलंयस."

लाजेनं माझे कान तापले होते.

"ब्रेक कधी दाबून बघितलास शेवटचा?"

मला खरोखर आठवेना.

"तुझ्या सांगण्यावर आता माझा विश्वास नाही. मी घातलेले सात सोडून," साहेब म्हणाले, "या गाडीत जिवाला धोक्याचा आणखी एक जरी दोष निघाला असता, तरी आज तुला घरी पाठवला असता. कायम व्हायचं विसर, परत फाटकात पाय ठेवू दिला नसता. निघाला नाही म्हणून वाचलास. मुलाणी, तुम्ही सांगा. गाडी तुम्ही खालून बघितली असेल तर सांगा, सातच होते की अजून काही सापडलं? खरोखर तपासल्याचा काही पुरावा असेल तर मी नियम चौदातून सूट द्या म्हणून वरती लिहून बघतो. माझ्याही मनाला हे बरं वाटत नाहीये."

मिस्त्रींचा उजवा हात मघापासून पिशवीत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. चांगलं दोन क्षण बघितलं. मग हात बाहेर काढला. रिकामा.

"साहेब, ह्यो पोरगा खोटं बोलतोय," ते म्हणाले. "ह्याला पान्हा कंच्या हातात धरायचा ते ठावं न्हाई. दुरुस्ती मीच केली. सातच हुतं."

"अजून काही नाही?"

"न्हाई. सातच."

साहेबांनी सही केली. मिस्त्रींनी फ्रेमचे मागचे चार खिळे नखानं वळवले, कागद अलगद काढून टेबलावर ठेवला आणि मोकळी फ्रेम काखेत मारली.

मी त्यांच्या मागं फाटकापर्यंत पळत गेलो. त्यांनीच पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"घे. जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा आसतो. त्या दिवशी हाका मारल्या, तू थांबला न्हाईस."

ब्रेकची नळी होती. वीतभर लांब. चासीला घासून घासून एका जागी इतकी झिजली होती, की दाबली तर बोटाला तेल लागत होतं.

"घाटात नेली आसतीस तर संपला हुतास," मिस्त्री म्हणाले. "तू घोरत हुतास, म्हनून उठवला न्हाई. नवी घातली, बायकोला पायडल दाबाया बसवलं आन् ब्रेकच्या तेलातली हवा काढली."

"मिस्त्री, हे आत का नाही दाखवलंत? तुमचा कागद वाचला असता."

"आन् तुझं?"

ते स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. नळी माझ्या हातात होती. साहेबांची खोली वीस पावलांवर होती. मी आत जाऊन ती टेबलावर ठेवायला पाहिजे होती. साहेब माणूस खरा होता, त्यांनी ऐकलं असतं. मला कळत होतं. मी घामाघूम होऊन पाच मिनिटं उभा राहिलो आणि मग नळी खिशात घातली. घातली ती घातलीच. याला दुसरं काही नाव नाही, मी भ्यालो.

ऑगस्टमध्ये मी कायम झालो. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी अर्धा किलो पेढे घेतले आणि ऑफिसची जीप घेऊन भाळवणी रस्त्याला गेलो. मिस्त्री एका ट्रॅक्टरपाशी बसले होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, त्यांनी मध्येच दंडाला धरून उभं केलं. त्यांचा काळा हात माझ्या नव्या शर्टावर उमटला. पेढा खाल्ला. बायकोला हाक मारून तिलाही दिला. म्हणाले, "बरं झालं. लई बरं झालं. आता लगीन कर."

मी वाट बघत होतो, की हा माणूस मला चार शब्द बोलेल. शिव्या देईल. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी फक्त रस्त्यावर उभ्या केलेल्या जीपकडं बघितलं.

"सकाळी निघताना ब्रेक दाबून बघितलास?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी हात फडक्याला पुसले, पोतं उचललं, बाहेर जाऊन ते जीपखाली अंथरलं आणि आत शिरले.